सांडलेलं औषध

मु. वाडी, आखाडा बाळापूर
१६ सप्टेंबर २०२३

लेकरा अंगद,

आबाचा हात डोक्यावर आहे असं समज आणि पुढं वाच. फाडायचंच असंल तर वाचून फाड, आधी फाडू नको.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मला आता धड ऐकू येत नाही. मी 'बोल' म्हणतो तवर पलीकडचं माणूस बोलून मोकळं झालेलं असतं. म्हणून कागद धरला. अक्षर वेडंवाकडं आहे, पण तुझ्याच पाटीवरचं आहे. तू अ आ गिरवायचास आणि मी मेंढरं कोंडून तुझ्या शेजारी बसायचो. तू पुढं गेलास, मी तिथंच राहिलो.

राधिकाच्या गाठी परत आल्या.

एवढं एक वाक्य लिहायला सकाळ गेली.

पोळ्याच्या आधीपासून तुझ्या बहिणीला धाप लागून राहिली होती. घागर भरायची आणि अर्ध्या वाटेत टेकायची. हिंगोलीला नेलं, फोटो काढला, सोनोग्राफी केली. डॉक्टरनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. काळजात म्हणजे लिव्हरात, फोफशात, काळे काळे गोल, सगळे पाण्यानं भरलेले. मागच्या साली नांदेडला पोट फाडून काढल्या, त्यातलाच थेंब आत सांडला असंल, तोच रुजला म्हणतात. बाहेर आल्यावर पोरगी मलाच म्हणते, "आबा, तोंड काहून पाडलं? माझ्या पोटात द्राक्षाचा मळा लागलाय, पानी बी द्यावं लागत न्हाई." हसली. मग पायरीवर बसली ती उठेचना.

तुझी माय ज्यानं गेली तेच हे. तेव्हा आमाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, पोटात गोळा झाला म्हणायचो. नाव तू शोधलंस. कुत्र्याच्या आतड्यात बारीक जंत, त्याची अंडी गवतावर, गवत मेंढराच्या पोटात, मेंढराच्या फोफशात गाठ. आणि कुत्र्यानं हात चाटला की माणसाच्या पोटात गाठ. त्याच्यावर औषध करायचं म्हणून तू त्या केमिस्ट्रीच्या मागं लागलास आणि हैदराबादेत काचेच्या नळ्यांत जवानी घातलीस.

मागच्या ऑपरेशनच्या वक्ताला दवाखान्याच्या व्हरांड्यात जे झालं ते मी विसरलो नाही, तूही नसशील. राधिकाचा नवरा शिवहार चार माणसांत तुला बोलला, "उंदराला देता, सशाला देता, सख्ख्या बहिनीला देत न्हाई. कसलं औषध बनवता भाऊ, भिताडाला लावायचं?" तू उठलास, चप्पल घातली आणि गेलास, ते आजतागायत. शिवहार माझ्या बहिणीचा लेक, घरचाच जावई, पण जीभ बाभळीची. तरी सांगतो, बायकोचं उलटीचं भांडं तो आपल्या हातानं धुतो. त्याला किडा लागलाय तो तिच्या काळजीचा. तुझ्या वैराचा नाही.

औषध मागायला हे पत्र लिहीत नाही, तेवढं ध्यानात घे. माय गेल्यावर तुमा दोघांना पदराखाली घेणारी तुझी मोठीआई चंद्रभागा म्हणाली, खुशाली विचारा, बाकीचं काढू नका. तर खुशाली विचारतो.

आणि ते तुझं एकशे बारा नंबरचं औषध कुठवर आलं, जमलं तर कळव.

आबा


वाडी
२९ ऑक्टोबर २०२३

अंगदा, बाळा,

तुझी पानं पोचली! बाळापुरात पोस्टमननं हाटेलातच हातात दिली आणि मी भज्याच्या कढईशेजारी उभा राहून वाचली. हाटेलवाला म्हणाला, "बाबा, बाजूला व्हा, तेल उडंल." म्हणलं उडू दे.

समजलं तेवढं सांगतो, चुकलं तर दुरुस्त कर. राधिकाला जी गोळी चालू आहे ती आपण मेंढराला जंतासाठी पाजतो त्याच घराण्यातली. पण पोटातून रक्तात उतरताना तिचा बहुतेक भाग वाया जातो, आणि गाठीच्या सालीआड पोचते ती चिमूटभर. म्हणून तू त्या औषधाचा एक कोपरा काढतोस, दुसरा जोडतोस. जोडलं की जंत मरतो, पण ते पाण्यात विरघळत नाही. विरघळेल असं केलं, की जंताला काही होत नाही. पुन्हा पहिल्यापासून.

अरे, हे तर मेंढा पारखण्यासारखंच झालं की! पायानं दणकट बघावा तर लोकर काथ्यासारखी. लोकर मऊ बघावी तर त्याची पिल्लं पहिल्या थंडीत खोकतात. माझ्या बापानं एक चांगला कळप जमवायला जन्म घातला. तू एकशे बारा पारखलेस.

आणि त्या एकशे बारानं उंदराच्या पोटातल्या गाठी मनुक्यासारख्या सुकल्या, असं तू लिहिलंस. तेवढी ओळ राधिकानं माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. शेवटी म्हणाली, "उंदीर झाले असते तर बरं झालं असतं."

तू सांगितलंस तसं मी करून राहिलो. परवा शिवहारच्या चुलत्याकडं कंदुरी होती. मेंढा कापला, फोफसं बाहेर काढलं, तर त्यावर बोराएवढ्या गाठी. कुत्री ओळीनं बसलेली, आपला भुऱ्या सगळ्यात पुढं. मी फोफसं उचललं, खड्डा खणला, चुना टाकला, पुरलं. शेजारचा जीपवाला तातेराव लांबून ओरडला, "रखमाजी, राख सावडायला कवा येऊ?" मी म्हणलं, "ये की, येताना दहाव्याचा नारळ आण." अख्खी पंगत हसली. पण पुरलं. घरी येऊन भुऱ्याला साखळी घातली, गोळी चारली. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जसा मी त्याच्या तोंडचा घास काढला. काढलाच होता. राखणदाराला फोफसं, हा आपल्यात त्याचा मानाचा वाटा. आमच्या बापजाद्यांनी मायेनं दिला, आणि त्याच मायेतून हे घरात आलं. कुणाला शिव्या द्याव्या?

आता एक बोलतो. तू लिहिलंस की माणसाला द्यायच्या आधी अजून लई पायऱ्या आहेत, कायदा आहे. बराबर आहे. पण आपलीही एक रीत आहे, तू विसरला नसशील. नवं औषध आलं की आपण सगळ्या कळपाला पाजत नाही. आधी भाकड मेंढीला पाजतो. म्हातारी, दूध आटलेली, गेली तरी मागं कुणी ओरडत नाही. ती चरली, रवंथ केली, लेंडी नीट टाकली की मग बाकीच्यांना. तर मी म्हणतो, मी आहे ना भाकड. माझ्या पोटात गाठी नसतील, पण माणसाच्या अंगाला सोसतं का नाही एवढं तर कळंल. मला पाज. कुणाला सांगणार नाही, चंद्रभागालाही नाही.

उत्तर लवकर दे.

तुझा आबा


वाडी
७ डिसेंबर २०२३

अंगद,

तुझी एक ओळ मिळाली. 'आबा, पुन्हा असं लिहिलंत तर तुमचं पत्र उघडणार नाही.'

बरं. तो विषय कोंडून टाकला. तूही मनातून काढ.

शिवहार मेंढरं घेऊन जवळा बाजारकडं गेला आहे. कापूस वेचून झालेली रानं आहेत, लेंडीखतासाठी मेंढरं बसवायला लोक बोलावतात. मी घरीच आहे, राधिकाजवळ.

राधिका बरी आहे. म्हणजे जेवते.

नाही, तुला खोटं लिहून काय उपयोग. परवा चुलीपुढं बसली होती, खोकला आला, आणि तोंडातून पाणी आलं. ओकारी नाही. पाणी, निव्वळ, आणि खारट. लुगड्याचा पदर भिजला. पाण्यात पांढरी पातळ सालं, द्राक्ष सोलल्यासारखी. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. तातेरावच्या जीपमध्ये घालून नांदेड गाठलं. फोफशातली एक गाठ फुटली म्हणाले. वाचली हे नशीब. सुया दिल्या, ठेवून घेतलं, सोडलं. सोडताना मोठ्या डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. आता आत इतक्या ठिकाणी आहेत की कापायला जागा नाही म्हणाला. चांगला माणूस होता, माझ्या कानाशी वाकून बोलला.

जीपमध्ये ती म्हणते, "आबा, समिंदर बघायची लई हौस व्हती. घरबसल्या चाखला."

चंद्रभागा तिच्यावर ओरडली, "गप बस, कुटं बी दात काढती!" आणि मग स्वतःच तोंडात पदर कोंबून बसली ती बाळापूर येईपर्यंत.

तू फोनवर राधिकाला सांगितलंस की आता एकशे बारा कुत्र्यांना देऊन बघणार आहेत, अंगाला सोसतं का ते बघायला. ती आमाला सांगत होती तेव्हा भुऱ्या दारात साखळीवर बसलेला. कुत्र्यानंच रोग आणला, आता औषधाचं खरंखोटंही कुत्राच सांगणार. तुझी मोठीआई तेवढी म्हणाली, "त्या कुत्र्यांना पोटभर घालतात का, इचारा त्याला."

तर विचारतो.

आबा


वाडी
१९ फेब्रुवारी २०२४

अंगद,

राधिकानं सांगितलं. तू फोन ठेवल्यावर ती बराच वेळ लसूण सोलत बसली होती. मग, एसटी चुकल्याचं सांगावं तसं म्हणाली, "कुत्र्यांची काळजं गेली, आबा. मेली. दादाचं काम बंद केलं त्यांनी."

शिवहार घरात होता, तो उठून मेंढरांना पाणी दाखवायला गेला.

तेरा-चौदा वर्षं, आणि एका बैठकीत बंद. पैसे देणाऱ्यांनी हात काढला, तुला दुसऱ्या कामावर घातलं, नळ्या धुवून कपाटात. आता तू कुणाचा फोन घेत नाहीस, खोलीत पडून असतोस, असं तुझ्या घरमालकानं शिवहारला सांगितलं.

तुला धीर द्यायला म्हणून हे पत्र काढलं. मला लिहायचं होतं की माझ्या लहानपणी साथ आली आणि वाघुरात, जाळीच्या कोंडवाड्यात, सकाळी मेंढरांचे ढीग पडलेले होते. लांडगा पडला असता तर चार गेली असती, ही सगळी गेली. तुझ्या आज्यानं दोन माद्या उसन्या आणल्या आणि पुन्हा कळप उभा केला. हे सांगायचं, आणि म्हणायचं की तूही उभा कर.

पण लिहिता लिहिता हात थांबला. ते इथं लागू नाही. तुझ्या आज्याजवळ वेळ होता. राधिकाजवळ नाही.

आता ती आडवी झोपू शकत नाही. भिंतीला वाकळ लावून टेकून बसते, तशीच डोळा लागतो. पोटावर हात ठेवला की आतल्या गाठी हाताला लागतात. मी ठेवत नाही.

आणखी एक. शिवहार तुझ्याकडं यायला निघाला आहे. मी आडवा झालो. म्हणलं, "जाऊ नको, कुत्री मेली त्या औषधानं, ऐकलं न्हाई का?"

"कुत्री मेली, मामा. उंदीर जगले ना?"

"अरे, माणूस काय उंदीर आहे?"

"आन कुत्रा बी न्हाई," म्हणाला. "तुमी मधी येऊ नका. ती बसल्या बसल्या मरून राहिली अन् तुमी मला कायदा शिकवून राहिले."

तो येईल, तुझ्या दारात बसंल, उठणार नाही. त्याला घरात घे, जेवायला घाल. त्याला काय द्यायचं आणि काय नाही, हे मी तुला सांगत नाही. मागत नाही. आणि नको असं म्हणायलाही तोंड उघडत नाही रे.

आबा


वाडी
११ मार्च २०२४

लेकरा,

औषध पोचलं.

शिवहारनं सगळं सांगितलं. त्यानं तुझे पाय धरले, तू सोडवून घेतलेस, आणि मग तूच भिंतीला टेकून रडलास. कुत्र्यांना लई जास्त दिलं होतं, हिला अगदी थोडं द्यायचं, रोज एक कुपी, तुपाच्या घासासोबत. डोळ्यांत पिवळेपणा दिसला की त्याच घडीला बंद, असं तू त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलंस. तू देऊन चुकलास का बरोबर केलंस, ते तुझं तुला ठाऊक. मला एवढंच कळतं की सख्खी बहीण समोर बुडताना काठावर उभं राहणं तुला जमलं नाही.

इथं काय झालं ते ऐक. बाटली नुसती घरात आली आणि राधिकाच्या तोंडावर रंग आला. तिनं ती हातात घेतली, उजेडाकडं धरली. आत पिवळट भुकटी भरलेल्या, गिळायच्या कुप्या. म्हणाली, "एवढ्याशासाठी दादाचे केस पिकले व्हय?" शिवहार तर वाडीभर सांगत फिरून राहिला, "आमचा भाऊ म्हंजी देवमानूस. नोकरी गहाण टाकून औषध दिलं." तातेरावच्या ओट्यावर मीच ऐकलं. ज्या तोंडानं भिताडाला लावायचं म्हणाला होता, त्याच तोंडानं. तुझ्या नावानं या घरात इतक्या दिवसांनी कुणी हसलं, म्हणून लिहितो.

अजून सुरू केलं नाही. काल अमावस्या होती, अमावस्येला औषध सुरू करू नये म्हणून मी थांबवलं. आज तिला जरा कणकण आहे. ती उतरली की देऊ. बाटली माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवली आहे, घाईघाईत कुणी जास्त देऊ नये म्हणून.

राधिका रोज विचारते, "आबा, आज?" मी म्हणतो, "थांब जरा, माय."

बाकी ठीक. चंद्रभागा तेवढी कुरकुर करते की गाडग्यातलं तूप कुठं जाऊन राहिलं. मांजर खात असंल म्हणलं.

माझी तब्येत चांगली आहे. विचारशील म्हणून लिहिलं.

आबा


वाडी
२८ मार्च २०२४

अंगद,

तू राधिकाला विचारलंस, सुरू केलं का. ती म्हणाली, आबा देत नाहीत. मग तू मला बोलावून घेतलंस आणि मी फोन घेतला नाही. आता खरं लिहितो. बसून वाच.

आधी मी घेतलं. तू सांगितलं होतंस तेवढंच, रोज एक कुपी, तुपाच्या घासासोबत, चिमटीनंही जास्त नाही. तू नाही म्हणाला होतास हे मला माहीत आहे. पण बाटली घरात आली आणि भाकड जनावर मी दारात असताना ते पोरीला पहिल्यांदा कसं पाजणार होतो? माझ्या बापानं कोकरालाही असं पाजलं नसतं.

तुला कळावं म्हणून कसं कसं झालं ते सांगतो. सुरुवातीला काहीच नाही, उलट भूक वाढली. मला तर आनंद झाला. ठरवलं, अजून थोडे दिवस, मग तिला. मग एका सकाळी तंबाखू कडू लागली. मग भाकरीचा वास सोसेना. लघवी काकवीसारखी झाली. अंग इतकं खाजून राहिलं की भिंतीला पाठ घासत होतो. तरी म्हणत होतो, म्हातारपण असंल, ऊन असंल. तवरही घेतच होतो. नको ते खरं ठरू नये म्हणून घेत होतो. मग धुळवडीला पोरांनी रंग टाकला. चंद्रभागा माझं तोंड धुवून देत होती. पुसलं, पुन्हा धुतलं, आणि म्हणाली, "अवो, बाकीचा गेला. डोळ्यातला पिवळा काही निघंना."

तेव्हा बंद केलं.

वाडीत सगळ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला कावीळ झाली. चंद्रभागानं कुठून तरी काविळीची माळ आणून गळ्यात घातली आहे. राहू दे म्हणलं.

उरलेल्या कुप्या मी चुन्याच्या खड्ड्यात पुरल्या, खोल, जनावराचं तोंड लागणार नाही अशा. बाटली ओट्यावर फोडली. मग घरात गेलो आणि सांगितलं, "हातातून पडलं. सगळं सांडलं, मेंढरांनी तुडवलं."

शिवहार ओट्यावर गुडघ्यावर बसून मातीत बोटं फिरवून राहिला होता, एखादी कुपी राहिली का म्हणून. मग वर बघून म्हणाला, "मामा, तुमचा हात काहून मोडला न्हाई त्याच येळी?" मी फुटलेल्या काचा वेचत राहिलो. "ठेवलं कुनी तुमच्यापाशी? ट्रंकेत घालून बसले, अमावस्या म्हनले, कनकन म्हनले! तुमाला द्यायचंच नव्हतं तिला!" चंद्रभागा म्हणाली, "आरं, आजारी मानूस हाय, हात थरथरतो त्याचा." तो म्हणाला, "आजारी कोन हाय हितं?"

राधिकानं फक्त मान फिरवली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी तांब्या घेऊन उशाशी उभा असतो, ती पाणी चंद्रभागाला मागते.

खरं का सांगत नाही, असं तू म्हणशील. सांगून बघितलं मनातल्या मनात. ती म्हणाली असती, "आबा, तुमी म्हातारे, मला पचंल ते." आणि मागून घेतलं असतं, आणि शिवहारनं दिलं असतं. कळवळून मागणाऱ्या पोरीपुढं मीही टिकलो नसतो. आणि समजा नसतं मागितलं, तर तिला कळलं असतं की दादानं दिलेलं ते विष होतं. आता तिला वाटतं की औषध होतं, भावानं दिलं होतं, आणि म्हाताऱ्यानं सांडलं. मरणाऱ्या माणसाला कुणावर तरी राग धरायला लागतो. माझ्यावर धरू दे, माझं काय जातं.

जातं. लई जातं. पण ते असू दे.

दुसरी बाटली पाठवायची नाही. शिवहार पुन्हा येईल, पुन्हा पाय धरंल. या वेळी पाय धरू दे, देऊ नको. उरलं नाही म्हण. तुझ्यापाशी असंल ते सगळं नासून टाक. एवढं एक माझं ऐक.

आबा


मु. जवळा बाजारचं शिवार
२ मे २०२४

अंगद,

फोन शिवहारनं केलाच. मी वेगळं काय सांगणार. पोटातली मोठी गाठ फुटली. अंग सुजलं, श्वास कोंडला. तातेरावनं जीप काढली होती, पण ती ओट्यापर्यंतही पोचली नाही. मी दाराबाहेर होतो. तिनं तसं सांगितलं होतं, चंद्रभागाला, की त्यांना आत येऊ देऊ नको.

मातीला मी लांब उभा राहिलो. शिवहार म्हणाला, हात लावायचा नाही. नाही लावला.

दुसऱ्या दिवशी मेंढरं काढली आणि इकडं आलो. उन्हातली रानं आहेत, कुठं हिरवं नाही, पण हिंडायला लागतं. चंद्रभागा घरी आहे, सुतकाचं बघायला कुणी तरी पाहिजे. ती माझ्याशी बोलते, पण डोळ्याला डोळा देत नाही. तिला काही कळलं आहे का नाही, मी विचारलं नाही.

तुझं पत्र तातेरावच्या हाती आलं, फोडलेलं नव्हतं, काळजी करू नको. तू लिहितोस, दहाव्याला येऊन सगळ्यांपुढं खरं सांगतो. औषध आबांनी सांडलं नाही, ते देण्याजोगं नव्हतं, आणि दिलं मी. तू लिहितोस की तुला हे ओझं पेलत नाही. या हातांनी जन्मभर केलं ते कुत्र्यांना मारून गेलं, आबाला बाधलं आणि राधिकाला उपयोगी आलं नाही. नोकरीही सोडतो म्हणतोस.

नोकरीचं मी काय सांगू? सोड, नको सोडू. मेंढरं राखणाऱ्यानं तुझ्या कामाचं मोल करू नये. एकशे तेरावं करशील का, मला माहीत नाही. कर असं म्हणायलाही आज माझ्यात बळ नाही.

पण दहाव्याला तू येशील आणि गप राहशील. एवढं माझ्यासाठी कर.

शिवहारजवळ आता काही उरलं नाही. घरात तिची वाकळ तशीच भिंतीला टेकून ठेवली आहे त्यानं, कुणाला उचलू देत नाही. त्याच्यापाशी एकच गोष्ट आहे, की औषध होतं, भावानं दिलं होतं, ती वाचली असती. ते तू काढून घेतलंस तर त्याला काय उरतं? तो उद्या कुणापाशी जाईल? सध्या तो सकाळी उठतो, मला शिव्या देतो आणि कामाला लागतो. शिव्या देत का होईना, उठतो.

आणि तुझंही. वाडीत तुझं नाव आहे. लोक म्हणतात, चौदा वर्षं बहिणीसाठी झिजला. खरंच आहे ते. त्यात काय खोटं आहे?

तेव्हा ये. शिवहार तुझ्या गळ्यात पडंल. म्हणंल, "भाऊ, तुमी दिलं व्हतं, म्हाताऱ्यानं मातीत घातलं." तू त्याच्या पाठीवर हात ठेव. माझ्या नावानं कुणी बोललं तर मधे पडू नकोस. कावळा शिवायला वेळ लागला तर तिचं काही राहिलं म्हणून माझं नाव काढतील, काढू दे. मोठीआईच्या हातचं जेव आणि रात्रीच्या गाडीनं जा.

इकडं रानात मला भेटायला येऊ नकोस. आलास तर माझे डोळे बघशील, आणि मग तुला गप राहायला जमणार नाही.

आबा